कोंबड्यांवर डासांचा आळ

वाचकाचं पत्र

प्रिय मावशी,

आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर काउंटीत राहतो. अर्ध्या एकराहून थोडी कमी जागा, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सहा कोंबड्या. कोंबडा नाही. सासरे दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे परसातली वांगी, मेथी, कारली हे त्यांचं खातं. कोंबडखत भिजत घालायला त्यांनी एक निळं पिंप ठेवलंय, ते पाणी भाज्यांना देतात.

मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी टाउन हॉलमध्ये तक्रार केली की आमच्याकडून वास येतो आणि आमच्या कोंबड्यांमुळे डास वाढलेत. ॲनिमल इन्स्पेक्टर येऊन बघून गेले, फारसं बोलले नाहीत. आता बोर्ड ऑफ हेल्थ, म्हणजे गावाचं आरोग्य मंडळ, जनावरं पाळण्याचे नवे नियम आणतंय, आणि त्यावर एका संध्याकाळी जाहीर सुनावणी आहे. मसुद्यात लिहिलंय की खुराडं प्रत्येक हद्दीपासून पन्नास फूट आत हवं आणि दरवर्षी परवाना घ्यायला हवा. आमचा प्लॉट शंभर फूट रुंद आहे. त्याच संध्याकाळी दुसरा विषय आहे: गावाने मॉस्किटो कंट्रोल प्रोजेक्टमध्ये, म्हणजे डास आटोक्यात ठेवायच्या सरकारी योजनेत, सामील व्हावं अशी शिफारस करायची का. मला तर ट्रकची फवारणी हवीच आहे. 2024 मध्ये आमच्याच काउंटीतल्या ऑक्सफर्ड गावात ट्रिपल ई चा, डासांमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराचा, रुग्ण सापडल्यापासून मी धसका घेतलाय. गंमत अशी की तेच शेजारी मधमाश्या पाळतात आणि फवारणीविरुद्ध सह्या गोळा करताहेत.

नवरा म्हणतो, आपलं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय, माइकवर जाऊन नाव कशाला नोंदवतेस, कोंबड्या देऊन टाकू. सासरे म्हणतात, गावाकडे सोडतात तसे गप्पी मासे सोडा, औषध कशाला मारायचं. मला आतून वाटतं की शेजाऱ्यांना कोंबड्या नाही, आम्हीच खुपतो आहोत. बोलू की गप्प बसू?

परसातली एक

*

परसातल्या मुली,

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. कोंबड्या ठेव. सुनावणीला जा आणि बोल. पण त्याआधी सासऱ्यांचं ते निळं पिंप रिकामं कर, आजच. तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू जाता जाता लिहून गेली आहेस, आणि ती त्या पिंपाची आहे.

कोंबड्यांमुळे डास वाढतात हे जसंच्या तसं खरं नाही. डास पाण्यात वाढतो. खुराड्यातल्या कोरड्या भुशात एकही डास जन्माला येत नाही. पण साचलेलं, कुजकं, वास मारणारं पाणी एका जातीला फार मानवतं. क्युलेक्स पिपिअन्स हे तिचं नाव. घराच्या आसपास वावरणारा हा साधा तपकिरी डास, आणि इथे मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट नाईल विषाणू पसरवण्यात याचाच मोठा हात. घाण मिसळलेल्या पाण्यात अळ्यांना खायला भरपूर मिळतं, म्हणून मादी असं पाणी शोधत येते. कोंबडखत भिजवलेलं पिंप म्हणजे तिचं हक्काचं माहेर, बाळंतपणासकट.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. सकाळच्या उजेडात पिंपाशी जा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नकोस, सावली पडली की अळ्या बुडी मारतात. एखादी जुनी पांढरी वाटी तिरकी बुडवून वरचं पाणी घे. पाव इंचाचा, काजळी रंगाचा, तरंगणारा तुकडा दिसला तर तो अंड्यांचा तराफा. एकेका तराफ्यात शंभर ते तीनशे अंडी, एकमेकांना चिकटून उभी. त्याच्या आजूबाजूला डोकं खाली करून, शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या वर टेकवून लटकलेल्या अळ्या दिसतील. वाटीला टिचकी मारलीस की सगळ्या वळवळत तळ गाठतील आणि थोड्या वेळाने श्वासासाठी परत वर येतील. अंग मुडपून घेतलेले कोष दिसले तर समज, दोनेक दिवसांत ते उडणार आहेत. उन्हाळ्यात अंड्यापासून डासापर्यंतचा सगळा प्रवास आठवडा-दहा दिवसांत उरकतो.

आता सांग, शेजारी पूर्ण चूक आहेत का? त्यांनी आळ कोंबड्यांवर घेतला, पण वास आणि डास या दोन्हींचा पत्ता तुमच्याच परसात निघतो. तुम्हीच त्यांना खुपत असालही. परक्या लोकांच्या स्वयंपाकाचा, बोलण्याचा, परसाचा त्रास होणारी माणसं असतात, मी भोळी नाही. पण ही शंका तू सुनावणीत काढलीस आणि पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टरने त्या पिंपात वाटी बुडवली, तर तुझी खरी बाजूही पडेल. आधी आपलं घर आवर. त्यानंतरही तक्रारी थांबल्या नाहीत, तर शंकेला वजन येईल.

सासऱ्यांना सांगायचं कसं, हा तुझा न विचारलेला प्रश्न. त्यांना 'बाबा, शेजारी नाक मुरडतात' असं सांगू नकोस, दुखावतील. ते महाराष्ट्रात सरकारी नोकरी केलेले गृहस्थ आहेत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा ही सूचना त्यांनी पोस्टरांवर पाहिली असेल, कदाचित ग्रामसभेत सांगितलीही असेल. तोच कोरडा दिवस इथे लावा, आणि तो त्यांच्याच ताब्यात द्या. दर रविवारी कोंबड्यांचं पाण्याचं भांडं घासून भरायचं, कुंड्यांखालच्या थाळ्या उपड्या करायच्या, ताडपत्रीच्या खळग्यातलं पाणी झटकायचं, लेकीची ढकलगाडी पालथी घालायची, पन्हळी साफ आहेत का ते बघायचं. पन्हळींकडे कोणी बघत नाही. मेपलच्या पानांनी तुंबलेली पन्हळ ही क्युलेक्सची दुसरी आवडती जागा. खताचं म्हणशील तर ते भिजवण्याऐवजी कोरड्या पानांत मिसळून कुजवा. वास कमी येतो, आणि कच्च्या कोंबडखताचं पाणी मेथीसारख्या पालेभाजीवर ओतणं पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूच्या दृष्टीनेही बरं नाही, हे कृषी खात्यातल्या माणसाला लगेच पटेल.

गप्पी माशांचा विचार मात्र सोडून द्या. तिकडे हिवताप विभाग विहिरीत, हौदात गप्पी सोडतो, ते तिथे ठीक आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ओढ्या-तळ्यांत परवान्याशिवाय मासे सोडणं बेकायदा आहे. परसातल्या टाक्यात सोडले तर थंडीत मरतील, आणि एखाद्या पावसात टाकं ओसंडलं तर ओहोळात जातील. पावसाचं पाणी धरायला झाकणाचं पिंप ठेवायचंच असेल तर तोंडाला बारीक जाळी बसवा आणि बीटीआयची वडी टाका. हा एक जिवाणू आहे, डासांच्या अळ्या तो खाऊन मरतात. माणसाला, कोंबडीला, मधमाशीला त्याचं काही होत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, महिनाभर चालते. फक्त आपल्या पिंपातच टाकायची. मागच्या पाणथळीत किंवा ओहोळात औषध टाकायला परवाना लागतो. आणि खताच्या गढूळ पाण्यात बीटीआय नीट लागू पडत नाही, म्हणून ते निळं पिंप वडी टाकून वाचवायचा प्रयत्न करू नका.

आता तुझा धसका. ट्रिपल ई म्हणजे ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस, मेंदूला सूज आणणारा आजार. क्वचित होतो, पण झाला तर भयानक. लागण होऊन मेंदूपर्यंत गेलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. याच राज्यात 1831 मध्ये घोडे मेले तेव्हा हा रोग प्रथम नोंदला गेला आणि 1938 मध्ये माणसांत साथ आली. 2019 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये 12 जणांना झाला, त्यातले 6 गेले. 2024 मध्ये चार रुग्ण सापडले, पहिला ऑक्सफर्डचा. त्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड, डग्लस, सटन आणि वेबस्टर या गावांना संध्याकाळी सहानंतर बाहेरचे कार्यक्रम नकोत अशी शिफारस झाली. पोरांचे सॉकरचे सामने अडले, पालक चिडले, बोर्ड ऑफ हेल्थच्या बैठकांना एरवी रिकाम्या असणाऱ्या खुर्च्या भरल्या. त्यामुळे तुझा धसका उगाच नाही.

पण या रोगाचा तुझ्या कोंबड्यांशी संबंध काय? हा विषाणू रानपाखरांत फिरतो. त्याला पाखरापाखरांत फिरवणारी डासाची जात क्युलिसेटा मेलॅन्युरा, ती देवदार आणि लाल मेपलच्या दलदलीत, झाडांच्या मुळांखालच्या अंधाऱ्या पोकळ्यांत वाढते. ती माणसाला फारशी चावत नाही. पाखरू आणि माणूस दोघांनाही चावणाऱ्या दुसऱ्या जाती विषाणू आपल्यापर्यंत आणतात. मोठ्या झालेल्या कोंबडीच्या रक्तात ट्रिपल ई किंवा वेस्ट नाईलचा विषाणू इतका वाढतच नाही की पुढच्या डासाला तो लागावा. फ्लोरिडात तर कोंबड्यांचे थवे मुद्दाम पिंजऱ्यात ठेवून त्यांच्या रक्ताची नियमित तपासणी करतात, विषाणू परिसरात आलाय का ते कळावं म्हणून. घोडा आणि माणूस यांच्यापर्यंत आला की विषाणूची वाट तिथेच संपते. घोड्यासाठी लस आहे, माणसासाठी नाही. घोडेवाल्यांना मी नेहमी याची आठवण करून देते, ते लसीला आळस करतात.

म्हणजे दलदलीतला डास वेगळा, पिंपातला वेगळा. ही एवढी गोष्ट सुनावणीत नीट मांडलीस तरी तिथल्या निम्म्या लोकांपेक्षा तू पुढे असशील. अशा बैठकांना मी बसलेली आहे. डास म्हणजे डास, असं धरून दोन-दोन तास भांडणं चालतात.

फवारणीबद्दल तुला आवडणार नाही ते सांगते. संध्याकाळनंतर रस्त्यावरून जाणारा ट्रक अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा सोडतो. त्या वेळी हवेत उडत असलेले डास मरतात, औषध उन्हात लवकर विरतं, आणि काही दिवसांत पाण्यातून नवे डास वर येतात. रोगाचे डास सापळ्यात सापडले, माणसाला धोका आहे असं दिसलं, तेव्हा संख्या झटकन खाली आणायला हे साधन आहे. 2024 मध्ये वूस्टर काउंटीच्या त्या चार गावांत ट्रकने आणि प्लिमथकडे विमानाने फवारणी झाली ती याच कारणाने. दर पंधरवड्याला केली म्हणून परसात कायमचा बंदोबस्त होतो, असं मात्र नाही. आणि औषध मधमाशीला, माशाला विषारी आहे, हे शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच ती रात्री करतात, मधमाश्या पोळ्यात परतल्यावर. विमानाने फवारायच्या अँव्हिल नावाच्या औषधात पीफास, म्हणजे सहजी न विरणारी, रसायनं सापडली होती. ती औषधाच्या कृतीतली नसून प्लास्टिकच्या डब्यांतून झिरपलेली निघाली. लोकांचा विश्वास डळमळला तो तेव्हापासून, आणि त्यांना दोष देता येत नाही.

मग मॉस्किटो प्रोजेक्ट नकोच का? हवा. पण त्यातलं ट्रक हे मला शेवटचं काम वाटतं. सापळे लावून डासांची जात ओळखणं, प्रयोगशाळेत तपासायला पाठवणं, रस्त्याकडेच्या कॅच बेसिनमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी उतरायच्या जाळीखालच्या खड्ड्यांत, अळीनाशक टाकणं, तुंबलेले चर साफ करणं, नागरिकाने फोन केला तर परसात येऊन पाणी कुठे साचतंय ते दाखवणं, हे सगळं या प्रोजेक्टांत येतं. तुमच्या भागातल्या प्रोजेक्टचं कार्यालय नॉर्थबरोला आहे. गाव सामील झालं तर खर्च राज्याकडून गावाला येणाऱ्या पैशातून वळता होतो, म्हणून त्यावर अखेर टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावातल्या मतदारांच्या सभेत, मत होतं. बोर्ड फक्त शिफारस करणार. तुझी मागणी अशी असू दे: पाहणी आणि अळीनाशक नियमित, ट्रक फक्त तपासणीत धोका दिसल्यावर आणि आगाऊ सूचना देऊन. या मागणीवर तुझे शेजारीसुद्धा सही करतील. त्यांना हेही सांग, माहीत नसेल तर, की आपली जागा फवारणीतून वगळायचा अर्ज राज्याच्या कृषी विभागाकडे दरवर्षी करता येतो. अर्ज लागू व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून जूनच्या आधीच करावा. साथीच्या वेळी सरकारने विमानातून फवारलं तर मात्र हा अर्ज चालत नाही.

आणि तुझ्या लेकीचं संरक्षण ट्रकच्या भरवशावर सोडू नकोस. खिडक्यांच्या जाळ्या, संध्याकाळी लांब बाह्या, कपड्यांवर आणि उघड्या त्वचेवर डीट किंवा पिकारिडिन ही डास दूर ठेवणारी औषधं. सहा वर्षांच्या मुलीला तीस टक्क्यांपर्यंतचं डीट चालतं, तिच्या हातांना लावू नको, ती डोळे चोळते. पहिलं कडक हिव पडेपर्यंत हे पाळायचं.

आता कोंबड्यांचा नियम. इथे खरी घाई आहे, आणि तू तिकडे दुर्लक्ष करून डासांवर बोलायला निघाली आहेस. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याच्या एकशे अकराव्या प्रकरणातलं एकतिसावं कलम बोर्ड ऑफ हेल्थला वाजवी आरोग्य नियम करायचा अधिकार देतं. त्याला टाउन मीटिंगची मंजुरी लागत नाही. तीन सदस्यांचं बोर्ड असेल तर दोन मतं पुरतात, आणि नियम मोडला तर दंड हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. तुझ्या गावातलं बोर्ड निवडून आलेलं असो की नेमलेलं, तिथे बसलेली माणसं बहुधा तुझ्यासारखीच नोकऱ्या करून संध्याकाळी येणारी असतात. एक नर्स, एक निवृत्त शिक्षक, एखादा सांडपाण्याचा कंत्राटदार. पन्नास फुटांचा आकडा त्यांनी स्वतः मोजून काढलेला नसतो, दुसऱ्या गावाच्या नियमातून उचललेला असतो. मोठ्या गोठ्यांसाठी तो ठीक असेल. शंभर फूट रुंदीच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंनी पन्नास फूट सोडले तर उरते एक रेघ. त्या रेघेवर खुराडं बसत नाही. म्हणजे परवाना द्यायचा नियम प्रत्यक्षात बंदीचा नियम झाला. हे गणित तू कागदावर काढून ने, प्लॉटच्या नकाशावर मोजपट्टीने. गावातले किती प्लॉट असे अरुंद आहेत, हे असेसरच्या, म्हणजे मालमत्ता करासाठी मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नकाशांवरून नियोजन कार्यालय सांगू शकतं. बोर्डाला भाषणापेक्षा नकाशा लवकर कळतो.

मग त्याऐवजी काय मागायचं? त्रास होतो त्या गोष्टींवर नियम करा असं माग. धान्य पत्र्याच्या झाकणबंद डब्यात, कारण उंदीर येतात ते धान्याला, आणि कोंबड्यांवरचा खरा आरोप उंदरांचाच असतो, डासांचा नाही. विष्ठा किती दिवसांनी काढायची आणि हद्दीपासून किती लांब ठेवायची. उघडं पाणी आठवड्याला बदलायचं. कोंबडा नको, सहापर्यंत कोंबड्या असतील तर अंतर कमी. आणि आधीपासून पाळणाऱ्यांना सवलत आहे का, किंवा व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, कशी मागायची हे मसुद्यात लिहा. मसुद्यातली जनावरांची व्याख्याही ओळीने वाच. त्यात मधमाश्या येतात का? येत असतील तर शेजाऱ्यांची पोळीही त्याच पन्नास फुटांत अडकली. ही गोष्ट तू त्यांना सुनावणीत सगळ्यांसमोर सुनवायची नाहीस, आधी कुंपणावरून सांगायचीस. शत्रूला कोंडीत पकडण्याचा मोह होईल, आवर. मला स्वतःला तो आवरला नसता, म्हणून आधीच सांगते.

दोन जागी पाय घसरू शकतो. एक, गावाच्या झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेचा काय वापर करता येतो त्या नियमांत, तुमच्या भागात कोंबड्या पाळायला मुळात मुभा आहे का, हे टाउन हॉलमध्ये आधी विचार. तिथे बंदी असेल तर बोर्डाचा परवाना काही कामाचा नाही. दुसरं, कोणीतरी तुला सांगेल की शेतीला कायद्याचं संरक्षण आहे. आहे, पण झोनिंगपासूनचं ते संरक्षण मुख्यतः पाच एकर किंवा जास्त जमिनीवर शेतीचा व्यवसाय करणाऱ्यांना. सहा कोंबड्यांसाठी ते कलम वाचून दाखवलंस तर वकील सदस्य असलाच तर हसेल.

बर्ड फ्लूचा प्रश्नही निघेल, 2022 पासून देशभर परसातल्या थव्यांत तो सापडतोय. उत्तर तयार ठेव: दाणा-पाणी छपराखाली, रानपाखरांना आणि बदकांना पोचू नये असं, आणि कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर कृषी विभागाला कळवणार. नुसतं 'आमच्या स्वच्छ आहेत' म्हणू नकोस, सगळेच म्हणतात.

नवऱ्याच्या भीतीबद्दल. सुनावणीत बोलायला नागरिक असावं लागत नाही. अध्यक्षांची परवानगी घ्यायची, नाव आणि पत्ता सांगायचा, सांगितलेल्या वेळात बोलायचं. इमिग्रेशनचा आणि कोंबड्यांचा काही संबंध नाही. टाउन मीटिंगमध्ये मत देता येत नाही, एवढाच फरक. मात्र बोर्डाला लिहिलेलं पत्र सार्वजनिक नोंद होते, कोणीही मागू शकतं. त्यात शेजाऱ्यांबद्दल तेच लिही जे त्यांच्या तोंडावर म्हणशील. तीनही सदस्यांना एका ईमेलवर घेऊन त्यांच्यात चर्चा सुरू होईल असंही करू नको. त्यांनी बैठकीबाहेर आपसात ठरवणं ओपन मीटिंग कायद्यात बसत नाही, आणि तुझ्यामुळे सुनावणी पुढे ढकलली गेली तर सगळे तुझ्यावरच चिडतील. पत्र आरोग्य कार्यालयाच्या पत्त्यावर पाठव, ते सदस्यांना वाटतात.

बैठकीची सूचना, शनिवार-रविवार सोडून, किमान अठ्ठेचाळीस तास आधी लागते. तिच्यातला विषयांचा क्रम बघ. कोंबड्यांचा विषय आधी असेल तर वेळेवर पोच, आठची बैठक म्हणून सव्वाआठला जाऊ नकोस. बोलायचं ते मराठीत आधी म्हणून बघ आणि मग इंग्रजीत लिही. साधारण असं:

'माझ्याकडे सहा कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. शेजाऱ्यांची वासाची आणि डासांची तक्रार होती. तपासल्यावर डास एका खताच्या पिंपात सापडले, ते पिंप आम्ही काढून टाकलं. हा फोटो. मसुद्यातल्या अंतरात माझ्यासारख्या प्लॉटवर खुराडं कुठेच बसत नाही, हा नकाशा. अंतराऐवजी धान्य, विष्ठा आणि पाणी यांचे नियम करा आणि इन्स्पेक्टरला वर्षातून एकदा यायला सांगा, माझं दार उघडं आहे.'

दीड मिनिटात होतं. उरलेल्या वेळात प्रोजेक्टबद्दल दोन वाक्यं बोल, पाहणी आणि अळीनाशकाची. पिंप तूच काढलंस हे तूच सांगणं महत्त्वाचं आहे. लपवलंस आणि शेजाऱ्यांनी ते उघड केलं, तर तो आरोप ठरतो. तू सांगितलंस तर त्यावर पुढे काही बोलायला उरत नाही. सासऱ्यांची परवानगी आधी घे, पिंप त्यांचं आहे. त्यांना यायचं असेल तर घेऊन जा, तिथे सगळ्यात जास्त माहिती कदाचित त्यांनाच असेल, फक्त गप्पी माशांचा विषय निघाला की त्यांच्या कोपराला हात लाव.

निकाल विरुद्ध गेला तर त्याच आठवड्यात कोंबड्या देऊन टाकू नका. नियम कधीपासून लागू होणार ती तारीख विचार, आणि व्हेरिअन्सचा अर्ज त्या आधी टाक. अर्जाला शेजाऱ्यांची हरकत नाही अशी एक ओळ जोडता आली तर काम सोपं होतं. पोळ्यांच्या भानगडीत त्यांनाही तुझ्याकडून तशीच ओळ लागणार आहे.

मावशी